खोकलेकाकांची शिफारस

खोकलेकाकांना खोकला झालेला मी कधी पाहिला नाही. ऐन थंडीत उघड्या अंगाने विहिरीवर आंघोळ करायची, भर उन्हात कैरी खाऊन वर गार पाणी प्यायचे, आणि तरी घसा खणखणीत. पण साऱ्या रत्नागिरीत त्यांचे नाव हेच होते. खरे नाव विचारले असते तर पलीकडच्या आळीतल्या माणसालाही सांगता आले नसते. काका आयुष्यात एकदाच खोकले, तेही भरसभेत. त्या खोकल्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. कोणाला गोड आठवणी वाचण्याची हौस असेल तर त्याने दुसरे काहीतरी वाचायला घ्यावे.

काका तरुणपणी मुंबईला गोदीच्या एका कचेरीत कारकून होते. राहायला गिरगावात, जेवायला खानावळीत आणि उरलेला सगळा वेळ नाटकगृहात. नाटक, गाण्याची बैठक, चित्रांचे प्रदर्शन, कीर्तन, काही म्हणून त्यांनी सोडले नाही. मग एक दिवस थोरला भाऊ गेल्याची तार आली. मागे वहिनी, रांगता वसंता आणि थोडी आंब्या-नारळाची झाडे. काका बोटीने घरी आले ते परत गेले नाहीत. लग्नही केले नाही. विचारले तर म्हणत, "एक संसार आयता मिळालाय, दुसरा कशाला मांडू?" मी त्यांच्या शेजारचा, शाळेत मास्तर. संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसायचा माझा नेम होता. पण मुंबई सुटल्याची हळहळ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

हळहळ नव्हती असे मात्र नाही. ती त्यांनी कामाला लावली होती. मुंबईची बोट आमच्या मांडवी बंदराला लागली की उतारू पडावातून धक्क्यावर येत, आणि त्यातला निम्मा रत्नागिरीकर घरी जाण्याआधी काकांच्या पडवीत टेकायचा. कोणी वकील असो, कोणी गिरणीतला जॉबर असो, त्याच्यापुढे गूळपाणी यायचे आणि काकांचा प्रश्न यायचा, "काय बघून आलास?" एखादा शहाणा, "अमुक नाटक फार छान चाललंय म्हणतात" असे म्हणाला की काका त्याला तिथेच धरत. "म्हणतात ते राहू दे. कोण जाऊन आलंय?" स्वतः जाऊन आलेला नसेल त्याचे गूळपाणी तेवढ्यावर संपायचे.

जाऊन आलेल्याची मात्र उलटतपासणी होई. नट कसा होता, पदे कशी झाली, यातले काका काही विचारत नसत. "ते तू मला काय सांगणार? मागच्या रांगेतले लोक खोकत होते काय, तेवढं सांग. कितव्या अंकात?" त्यांचे शास्त्र असे की माणूस कंटाळला म्हणजे आधी खोकतो, मग बूड हलवतो, मग पान खायला बाहेर जातो. "टाळ्या भिडेखातर वाजवतात मास्तर. खोकला कोणी भिडेखातर खोकत नाही." चित्रांच्या प्रदर्शनाहून आलेल्याला ते विचारत, "लोक चित्रापुढे एका पायावर भार देऊन उभे होते की दोन्ही?" कीर्तनाहून आलेल्याला विचारत, "किती जण वहाणांकडे बघत होते?" आळीतली टवाळ मंडळी हसत. नाव पडले ते यातूनच.

या खोकल्यांच्या आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींच्या जोरावर काका दर आठवड्याला एक कार्ड लिहीत. या आठवड्यात मुंबईत काय पाहावे, याचे. ते बोटीने गिरगावातल्या त्यांच्या जुन्या खानावळीत जायचे आणि खानावळवाला ते भिंतीवर डकवायचा. मुंबईत राहणारे आमचे रत्नागिरीकर कारकून, मुंबईत काय पाहायचे ते रत्नागिरीहून आलेल्या कार्डावर ठरवायचे! कार्डात चारच शिफारशी असत. "पाचवी सांगतो तो दलाल," असे काका म्हणत. मजकूर असा असे: 'शनिवारचे नाटक पाहावे. दुसरा अंक लांबतो, पण मागे कोणी खोकत नाही. रविवारी जाऊ नये, नायिकेचे काम करणाऱ्याचा घसा तोवर बसलेला असतो.' कधी कधी नुसते, 'या आठवड्यात काही सांगता येत नाही. घरी बसावे.'

मुंबईला निघालेला माणूस समोर आला की मात्र काका वेगळे वागत. तो कोण, कोणाबरोबर जातोय, घरात काय चाललेय, सगळे विचारून मग त्याच्यापुरते एकच काहीतरी सांगत. जनू तांडेलाचा तरणा मुलगा दर्यात गेला, त्यानंतर जनू कामासाठी मुंबईला निघाला होता. लोक म्हणत होते, त्याला एखादा फार्स दाखवा, जीव रमेल. काकांनी त्याला चित्रांच्या प्रदर्शनाला पाठवले. आम्हाला वाटले, काकांचे डोके फिरले. जनू परत आला, पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तितं कोन कायपन बोलला नाय, काका. बरा वाटला." काकांनी त्याला दुसरे काही विचारले नाही.

एक गोष्ट काका कधी करत नसत. पुढची शिफारस आधी देत नसत. कोणी म्हणाला, "काका, मी पुढल्या महिन्यात जाईन, आत्ताच सांगून ठेवा," तर उत्तर ठरलेले, "मासळी आणि नाटक ज्या त्या दिवसाचं. त्या आठवड्याचं त्या आठवड्याला विचार." या हट्टाचे मला तेव्हा कौतुक वाटायचे. पुढे त्याच हट्टाने त्यांचा घात केला.

वसंता मोठा झाला. काकांनी त्याला जाहिरातीची ओळ न ओळ वाचायला शिकवली, येणाऱ्याला काय विचारायचे ते शिकवले. पोरगा चलाख होता, बोलायला गोड. मुंबईला जाऊन एका छापखान्यात मुद्रिते तपासायच्या कामाला लागला. तो छापखाना एक साप्ताहिक काढायचा. वसंताने काकांचे कार्ड संपादकाला दाखवले, आणि 'या आठवड्यात काय पाहाल?' असे सदर सुरू झाले. पहिले काही महिने खाली कोणाचेच नाव नव्हते. नंतर वसंताचे आले.

तो अंक मी काकांपुढे आपटला. "हे काय? शब्द न शब्द तुमचा आणि नाव त्याचं?" काकांनी चष्मा लावून सदर शांतपणे वाचले. "चूक नाही केलंन कुठे," म्हणाले. "घशाचं बरोबर छापलंन. नावाचं काय घेऊन बसलात मास्तर? माझ्या नावाला मुंबईत कोण ओळखतंय?" मी म्हटले, तुमच्या नावाला न ओळखणारी मुंबई त्याच्या नावाला ओळखायला लागेल. ते म्हणाले, "लागू दे की. घरातच राहिलं." मुंबईतल्या रत्नागिरीकरांना सदर काकांचे हे ठाऊक होते, आणि काकांना तेवढे पुरे होते. वसंताला त्यांनी एकच अट घातली. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की टपाल आंबा घाटाने कोल्हापूरला चढायचे आणि तिथून आगगाडीने मुंबईला जायचे. घाट कोसळला की अडायचे. "कार्ड नाही पोचलं तर छापायचं, या आठवड्यात काही सांगता येत नाही. एक आठवडा लोक घरी बसले तर मरत नाहीत."

बोलपट येऊन नाटकमंडळ्या एकेक मिटायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमच्याच आळीतल्या आनंदीवहिनींना काचबिंदूने घेरले. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया करायची ठरली. डॉक्टरांनी सांगितले, दिसेल किंवा तेही जाईल. वहिनी गिरगावात भावाकडे जायला निघाल्या. पावसाळा तोंडावर आला होता, आगोटीआधीची शेवटची बोट होती. निघताना पडवीत आल्या. नाटकाचे वेड त्यांना माहेरापासून होते, पण सासरी आल्यापासून एक नाटक पाहिलेले नव्हते.

"काका, एकच सांगा," त्या म्हणाल्या. "नंतर दिसेल न दिसेल. दादा म्हणालाय, शस्त्रक्रियेच्या आधी नेईन."

"तारीख ठरलीय काय गो?"

"तिकडे गेल्यावर ठरेल."

"मग ठरली की कळव. त्या आठवड्याचं त्या आठवड्याला सांगतो."

मला वाटले, या वेळी तरी हट्ट सोडावा. पण काकांनी सोडला नाही, आणि वहिनींनाही त्यात काही वावगे वाटले नाही. त्या नमस्कार करून पडावात चढल्या.

भर आषाढात वहिनींच्या भावाचे कार्ड आले, तारीख ठरली. काका दोन दिवस जाहिराती पुढ्यात घेऊन बसले. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा पुन्हा विचारून आले. मी म्हटले, एवढे काय, त्या गाणाऱ्या मंडळीचे सांगा. काका चिडले. "ऐकायला तिला जन्म पडलाय हो! बघायला हवं. पडदे बघण्यासारखे हवेत, लुगड्यांचे रंग बघण्यासारखे हवेत." शेवटी एका जुन्या मंडळीचे नाटक निवडले, ज्यात बागेचा, नदीचा, दरबाराचा असे पडद्यामागून पडदे होते. ते वहिनींना लिहिले, सदराचे कार्ड वेगळे लिहिले, दोन्ही स्वतः टपालात टाकली. त्याच रात्री घाटात दरड कोसळली, आणि ती थैली तिथेच कुठेतरी कुजत पडली.

त्या आठवड्याचा अंक आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. काकांनी उघडला तो 'या आठवड्यात काही सांगता येत नाही' वाचायच्या तयारीने. सदरात चार शिफारशी होत्या. पहिली एका नव्या मंडळीच्या नाटकाची. खाली ओळ होती: 'शेवटच्या रांगेपर्यंत एक खोकला ऐकू येत नाही.' काकांनी ती ओळ मला दाखवली. "या नाटकाला कोण जाऊन आलंय?" त्यांनी विचारले. मला काय ठाऊक! नंतर कळले की त्या मंडळीच्या मालकाने वसंताला पहिल्या रांगेतली खुर्ची कायमची देऊन टाकली होती. पण ते नंतर. त्या दिवशी काका एवढेच म्हणाले, "माझ्या मजकुराखाली आपलं नाव घातलंन, मी काही बोललो नाही. पण न ऐकलेला खोकला ऐकला म्हणून सांगायचं नाही." मग जरा वेळाने घाबऱ्या आवाजात म्हणाले, "आनंदी अंक वाचत असेल काय हो?"

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या. पहिल्याच बोटीने वहिनी आल्या. नवऱ्याचा हात धरून, पाय चाचपत. दुसराही डोळा गेला होता. त्यांचा नवरा त्यांना सरळ घरी नेत होता, पण त्या म्हणाल्या, आधी काकांकडे. रीत होती ना! काकांनी गूळपाणी आणले आणि वाटी स्वतः त्यांच्या हातात दिली. विचारायचे धैर्य मात्र होईना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमचं नाटक बघून आले हो काका. दादाने अंकातून वाचून दाखवलंन. म्हणालान, हे तुमच्या काकांचंच."

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

"आनंदे," काका म्हणाले, "मला खरं सांग."

वहिनी वाटी हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पडदा एकच होता, तोही फाटका. सगळी माणसं बसून नुसती बोलत होती. लोक खूप खोकत होते काका. माझ्याही घशाशी येत होतं. पण मी दाबून धरलं. म्हटलं, काकांचा शब्द आहे, पुढे काहीतरी बघण्यासारखं येईल."

इतकी वर्षे मी त्या पडवीत बसलो, पण त्या दिवसाइतका कडू दिवस मला आठवत नाही. काका उठून आत गेले. वहिनी बिचाऱ्या विचारत राहिल्या, "काका रागावले काय हो मास्तर?"

त्यानंतर काकांनी कार्ड लिहिले नाही. मला वाटले होते, आता सदर लंगडे पडेल, वाचक बोंब मारतील, वसंता धावत येईल. कसले काय! सदर तसेच चालले. उलट जास्तच झोकात चालले. चाराच्या सहा शिफारशी झाल्या, आठ झाल्या, बोलपट आले. कोणालाही फरक कळला नाही. आमच्या आळीतले लोक काकांच्या पडवीवरून जाताना सांगत, "पुतण्याने नाव काढलंन हो काका!" मुंबईहून येणारे पडवीत टेकेनासे झाले. काय पाहावे ते आता छापून येत होते, मग काय पाहिले ते कोणाला सांगायचे? गूळपाण्याची वाटी फळीवर तशीच पालथी असायची.

हिवाळ्यात वसंता गावी आला. गावच्या वाचनालयाने त्याचा सत्कार ठरवला होता. आदल्या दिवशी काकांनी त्याला समोर बसवून विचारले, "त्या आषाढातल्या नाटकाला कोण जाऊन आलं होतं?" वसंताला आधी आठवेना. आठवल्यावर तो हसला. "काका, दर आठवड्याला जागा भरावी लागते हो. तुमचं कार्ड आलं नव्हतं. लोक वाचतात नि विसरतात. चार ओळी कोण मनावर घेतंय?" आनंदीवहिनींचे काय झाले ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "अरेरे, वाईट झालं. पण डोळा काही नाटकाने गेला नाही ना मास्तर?" बरोबरच होते त्याचे. अशा माणसांचे नेहमी बरोबरच असते.

सत्काराला सारे गाव लोटले. काकांना पहिल्या रांगेत मानाने बसवले होते, सत्कारमूर्तीचे चुलते म्हणून. अध्यक्ष वकीलसाहेबांनी सांगितले की वसंतरावांची रसिकता उपजतच आहे. मग वसंता उठला. बोलता बोलता रंगात आला आणि म्हणाला, "लोक मला विचारतात, तुम्ही पारख कशी करता? मी रंगमंचाकडे बघतच नाही. मी शेवटच्या रांगेत बसतो आणि कोणी खोकतंय का ते ऐकतो. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या आणि काका खोकले.

कोरडा, स्पष्ट, एकच खोकला. लोकांना वाटले, म्हातारा माणूस, घसा सुकला असेल. कोणी पाणी आणून दिले. काकांनी भांडे हातात घेतले, पाणी प्यायले नाहीत, आणि पुन्हा खोकले. वसंता अडखळला. त्याला त्याचा अर्थ कळत होता. तेवढ्यात मागून, बायकांच्या बाजूने, दुसरा खोकला आला. मी वळून पाहिले. आनंदीवहिनी ताठ बसल्या होत्या. तोंडाला पदरही लावला नव्हता. त्यांना दिसत काही नव्हते, पण काका कुठे बसलेत ते त्यांनी बरोबर ओळखले होते.

वसंताने तिथेच भाषण आटोपते घेतले असे कोणाला वाटेल. तसे काही झाले नाही. तो पाणी प्यायला आणि आणखी पुष्कळ वेळ बोलला. गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. निघताना एका सद्गृहस्थांनी काकांच्या हातात ज्येष्ठमधाची काडी ठेवली आणि थंडीत जपायला सांगितले.

वाटेत माझा राग अनावर झाला. "काका, उभं राहून सांगायचं होतंत सगळ्यांना!"

"सांगितलं की," काका म्हणाले. ज्येष्ठमधाची काडी त्यांनी वाटेकडच्या दगडी गडग्यापलीकडे टाकून दिली.

पुढच्याच पावसाळ्यात काका गेले. बोटी बंद, घाट अडलेला. वसंता येऊ शकला नाही, आणि याबद्दल मी त्याला दोष देत नाही. आनंदीवहिनींनी मला विचारले, काकांवर कुठे कोणी काही लिहिले आहे का. पुष्कळ दिवसांनी साप्ताहिकाचा तो अंक आला. मी तो त्यांच्या ओटीवर बसून वाचून दाखवला. कोपऱ्यात दोन ओळींची बातमी होती, आमचे सदरलेखक वसंतराव यांचे नाट्यप्रेमी चुलते रत्नागिरी मुक्कामी वारले. शेजारी सदर होते. बरेच काही पाहायला सांगितले होते, आणि पहिल्याच शिफारशीखाली ती ओळ होती: 'शेवटच्या रांगेपर्यंत एक खोकला ऐकू येत नाही.'

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "मास्तर, कोण जाऊन आलंय?"

"कोणीच नाही, वहिनी," मी म्हटले.